संकोचाची पट्टी

९ जानेवारी, गुरुवार

कोयना एक्स्प्रेसला खिडकी मिळाली म्हणून वही उघडली. पुण्याला पोचायला दुपार सरेल. मोशीचं प्रदर्शन उद्या. बॅगेत दोनशे व्हिजिटिंग कार्डं आहेत. छापणारा म्हणाला, "ताई, पाचशे घ्या, स्वस्तात पडतील." मी म्हटलं, पाचशे माणसांशी मी जन्मात बोलले नसेन. तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

मार्चमध्ये आबांना जाऊन तीन वर्षं होतील. त्यांनी कधी कार्ड छापलं नाही. उद्यमनगरात शिरून 'पॅटर्नवाले सुतार' म्हटलं की पोरंसोरं आमचं दार दाखवायची. (पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती. तिच्यावरून फाउंड्रीत वाळूचा साचा करतात.) त्यांना ओळखणारी पिढी फाउंड्र्यांतून निवृत्त झाली. शिरोलीत, गोकुळ शिरगावात त्या खुर्च्यांवर जी मुलं बसलीत त्यांना आबा ठाऊक नाहीत आणि मीही नाही. गेल्या वर्षात तीन जुनी गिऱ्हाइकं अशीच गेली. भांडण नाही, तक्रार नाही, खुर्चीवरचा माणूस बदलला एवढंच. म्हणून हा खटाटोप.

किर्लोस्करवाडी आली नि गेली. हे स्टेशन पूर्वीचं कुंडल रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा, १९१० साली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथलं ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. शाळेत याला राजाश्रय म्हणायला शिकवलं. आज दुसरंच डोक्यात आलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. हे दोघे निवांत बसत तेव्हा नांगरावर बोलत असतील की चित्रांवर? मला वाटतं, चित्रांवर. पैशाचा विषय निघाला तोवर बरंच बोलून झालेलं असणार. पुरावा काही नाही. खिडकीतून माळ बघताना सुचलं, झालं.

१० जानेवारी, शुक्रवार, रात्री

६३ कार्डं मिळाली, ११० वाटली. पाय सुजलेत.

इथे माणूस आधी छातीवरचा बिल्ला वाचतो, मग चेहऱ्याकडे बघायचं की नाही ते ठरवतो. माझ्या बिल्ल्यावर 'पॅटर्न शॉप, कोल्हापूर' वाचून बहुतेकांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, कुणी मोठा येतोय का बघायला. चौघांनी विचारलं, "सर नाही आले?" पहिल्या दोघांना खरं सांगितलं. तिसऱ्याला म्हटलं, सर गाडी लावतायत.

मीही त्यांच्याहून वेगळी नव्हते, हे लिहून ठेवायला हवं. एका मोठ्या फाउंड्रीच्या परचेसवाल्यासमोर मी तोंडपाठ केलेली चार वाक्यं म्हटली. तो मान हलवत होता आणि मी मनात मोजत होते, आता कार्ड काढायचं. त्याचं नाव आत्ता आठवत नाही. कार्ड बघावं लागेल.

लक्षात राहिला तो रेझिनच्या स्टॉलवरचा एक पोरगा. खुर्चीवर बसून मोडलेला कोअर हातात फिरवत होता. (कोअर म्हणजे वाळूचा भाजलेला गाभा. ओतकामात जिथे पोकळी हवी तिथे तो साच्यात बसवतात.) मी सहज म्हटलं, हा कोपऱ्यातच मोडणार. तो म्हणाला, सगळे रेझिनला दोष देतात. मी म्हटलं, रेझिनचं काही नाही, कोअर बॉक्समध्ये आतला कोपरा धारदार ठेवलाय, गोलाई द्या. मग वीस मिनिटं आम्ही त्या कोपऱ्यावर बोललो. त्याने मला काही विकलं नाही, मी त्याला काही विकलं नाही. त्याची कार्डं संपली होती. नंबर मी प्रदर्शनाच्या पिशवीवर लिहून घेतला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सकाळपासून फोनवर तिळगुळाची २१२ चित्रं. एकातही माझं नाव नाही. लिंक्डइन म्हणतंय, पुण्याच्या कुणाला तरी नोकरीत सात वर्षं झाली, अभिनंदन करा. शब्दसुद्धा तेच पुरवतंय, आपण फक्त बोट लावायचं.

६३ कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि ज्याच्याबद्दल एक तरी गोष्ट आठवते तेवढी बाजूला काढली. नऊ निघाली. त्या नऊंतल्या चौघांना सांगण्यासारखं काही माझ्याकडे होतं, त्यांना स्वतः लिहिलं. सांगलीच्या एकाला जुन्या पॅटर्नला वाळवी लागते म्हणून चिंता होती, त्याला आबा काय करायचे ते कळवलं. रेझिनवाल्या पोराचं कार्ड नव्हतं, त्याला पिशवीवरच्या नंबरवर आमच्या एका कोअर बॉक्सचा फोटो पाठवला, गोलाईवर खडूने खूण करून. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. बाकी चौघांकडून अजून काही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

उद्योजक बायकांचं हळदीकुंकू होतं. मी नाहीच जाणार होते. आई म्हणाली, "त्या गड्यांच्या बैठकीला तुला बोलवत नाहीत म्हणून रडतीस, आणि बायका बोलावतात तिथं जायला तुला लाज."

बरोबर बोलली. आमच्या धंद्यातली खरी ओळख संध्याकाळी होते. तांबडा-पांढरा, त्याआधी 'बसणं', आणि त्या बसण्यात कुणाचं काम कुणाकडे जाणार ते ठरतं. मला कुणी अडवत नाही. मी गेले की सगळे एकदम सभ्य होतात, हवामानावर बोलतात आणि लवकर उठतात.

वाण काय द्यावं कळेना. शेवटी दुकानातून सहा इंची स्टीलच्या पट्ट्या घेतल्या, चाळीस. बायका आधी हसल्या, मग प्रत्येकीने पर्समध्ये टाकली. एक लाकडी खोकी बनवते, निर्यातीच्या मालाची. तिला सागवानाचे तुकडे कुठे जातात ते हवं होतं, मला पाइनच्या फळ्या कुठून येतात ते. तिथेच सतरंजीवर बसून दोघींचं जमलं. दुसरी चार फाउंड्र्यांची हिशेबनीस आहे. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "तुमच्या आबांच्या बिलावर बेरीज कधी चुकायची नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते.

रात्री साडेआठला ड्रॉइंगं फायलीला लावत होते. व्हॉल्व्हच्या बॉडीचं एक पॅटर्न सोमवारी शिरोलीला दिलंय. नवं गिऱ्हाईक, वर्षभर मागे लागून मिळवलेलं. मेलमध्ये ड्रॉइंगची सुधारलेली प्रत दिसली, पंधरा दिवसांपूर्वी आलेली. आकार तोच, मापं तीच. खालच्या चौकटीत मटेरियल मात्र बदललेलं. आधी ग्रे आयर्न होतं, आता कास्ट स्टील.

ज्याने हे काम केलेलं नाही त्याच्यासाठी सांगायचं तर ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठं करायचं असतं, आणि दर वेळी गणित नको म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच खोटी असते. ग्रे आयर्नच्या पट्टीवरचा मीटर खऱ्या मापाने साधारण एक हजार दहा मिलिमीटर भरतो, स्टीलच्या पट्टीवरचा एक हजार वीसच्या आसपास. दुकानात सगळे श्रिंकेजची पट्टी म्हणतात. आबा एकटे तिला संकोचाची पट्टी म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ती पट्टी लाजते.

आमच्या दुकानातल्या मिस्त्रींनी ग्रे आयर्नची पट्टी लावली होती. त्यांची चूक नाही, सुधारलेली प्रत मी त्यांच्यापर्यंत पोचवलीच नव्हती. जॉब ६४० मिलिमीटर लांब, म्हणजे ओतल्यावर सहा मिलिमीटरहून थोडा जास्तच तोकडा पडणार. मशीनिंगला ठेवलेलं मटेरियल त्यात पुरत नाही. आणि सॅम्पलची हीट, म्हणजे ओतायची फेरी, उद्या सकाळची.

पंधरा मिनिटं खुर्चीत नुसती बसून राहिले. डोक्यात काय काय आलं ते लिहिते, कारण उद्या मी ते नाकबूल करीन. पहिलं, त्यांनी तरी तपासायला नको होतं का? दुसरं, मेल आली नाही म्हणता येईल. तिसरं, सॅम्पल तोकडं आलं तर आधी त्यांच्याच मोल्डिंगवर संशय जाईल, आठवडाभर ते तिथेच शोधत बसतील. हे तिसरं सर्वांत मोहाचं होतं.

नऊला पाच कमी असताना शिरोलीच्या फाउंड्रीच्या मॅनेजरांना फोन लावला. नंबर होता, पण या माणसाशी कामापलीकडे एक शब्द बोललेले नव्हते. कसा तो संकोच! पॅटर्न चुकलंय म्हटलं, का चुकलं ते सांगितलं, उद्याची हीट थांबवा म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग, "ताई, हे तुम्ही आत्ता सांगालाय?"

"मला आत्ताच कळलं."

"मोल्ड लावून झाल्यात सहा."

"फोडावे लागतील."

"बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅनेजर स्वतः आले, पॅटर्न गाडीत टाकून. चहाला नको म्हणाले. पॅटर्न टेबलावर ठेवलं, माझ्याकडच्या दोन्ही पट्ट्या मागून घेतल्या आणि गुडघे टेकून सगळी मापं परत घेतली. एकदा एका पट्टीने, एकदा दुसरीने. अर्धा तास. मी शेजारी उभी. तेवढ्यात आई वॉकर टेकत आतल्या खोलीतून आली आणि विचारलं, "जेवलासा काय?" ते गडबडून उठले. "व्हय, जेवलो की." अकरा वाजले होते, जेवले कुठले!

माझ्या खर्चाने नवं करून देते म्हटलं, पाच दिवसांत. मान हलवली आणि गेले.

मिस्त्री आणि मी रोज रात्री दहापर्यंत थांबणार आहोत. सागवानाची खरेदी, मजुरी, सगळं धरून या कामात खिशातले जातील. कोअर प्रिंटसुद्धा नव्याने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिरोलीकडून काही नाही. पॅटर्न गुरुवारी पोच झालं, चलनावर सही आली, बस्स.

सकाळी सातला धंदेवाल्यांच्या एका गटाला पाहुणी म्हणून गेले. ही पद्धत अमेरिकेतली, आयव्हन मिसनर यांनी १९८५ साली बीएनआय काढली तेव्हापासूनची. एका धंद्याचा गटात एकच माणूस, दर आठवड्याला भल्या पहाटे बैठक, प्रत्येकाने थोडक्यात आपली ओळख सांगायची आणि एकमेकांना गिऱ्हाइकं पाठवायची. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला, त्यामागेही एकमेकांना हात देण्याचाच विचार. मी ज्या गटाला गेले त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं थोडं तिरकं आहे.

शिस्त आवडली, उपीट चांगलं होतं. पण कुणी किती नावं दिली त्याचा फळा समोर टांगलेला, आणि ज्याचा आकडा कमी तो मान खाली घालून बसलेला. माझ्या शेजारच्या फर्निचरवाल्याने आकडा भरायला मला आपल्या मेहुण्याचा नंबर दिला. मेहुणा सोलापूरला, चादरींचा व्यापार. त्याला पॅटर्न कशाला लागेल?

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. साठ सेकंदांत आपण काय करतो ते सांगा म्हटल्यावर मला सांगता आलं नाही. "लाकडी पॅटर्न बनवते" म्हणून थांबले. बैठक चालवणाऱ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, अजून पन्नास सेकंद होते. सगळे वाट बघत बसले. वर्गणी भरणार नाही, पण ते पन्नास सेकंद घेऊन घरी आले.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाला एका कॉलेजने बोलावलं, विषय 'नेटवर्किंग'. मला! मुलींना काय सांगायचं म्हणून काल रात्री एक उद्योग केला. आजच्या घडीला माझी चौदा गिऱ्हाइकं आहेत, प्रत्येकासमोर लिहिलं, हे कुणामुळे आलं. नातेवाइकांमुळे एक. आबांच्या जवळच्या दोस्तांमुळे तीन. प्रदर्शनातून शून्य. उरलेली दहा अशा माणसांमुळे, ज्यांना मी वर्षातून दोनदा भेटत असेन. टेम्पोवाला (याने तीन आणली, त्याला ठाऊकही नाही), कोअर करणाऱ्या एक मावशी, लेथवाला, बँकेतून बदलून गेलेला एक अधिकारी.

संयोजक प्राध्यापक बाईंना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, यावर तर समाजशास्त्रातला नावाजलेला निबंध आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर, १९७३. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे शंभरात सतराच्या आसपास, अधूनमधून भेटणारे छप्पन्न, क्वचित भेटणारे अठ्ठावीस. जवळच्या माणसाला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं, लांबचा माणूस वेगळ्या गल्लीत फिरतो. मुलींना हे पटलं. माझ्या टेम्पोवाल्यावर टाळ्या पडल्या.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे लांबच्या लोकांशी ओळख वाढवायची, पण ते आपल्याला मदत का करतील?" मला नीट उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, टेम्पोवाल्याला मी कधी दारात ताटकळत ठेवलं नाही. ती वहीत लिहून घ्यायला लागली तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं.

२० मार्च, गुरुवार

शिरोलीहून फोन, सहा आठवड्यांनी. छाती धडधडली. मॅनेजर म्हणाले, अ‍ॅल्युमिनियमची मॅचप्लेट करायची आहे, हाय स्पीड लाइनला, घेणार काय?

घेणार म्हणायला जीभ वळवळली. माझं काम लाकडाचं. मॅचप्लेट बाहेरून करून घेऊन वर माझा भाव लावता आला असता, बरेच जण तेच करतात. पण मध्ये एक हात वाढला की चूक कुठे झाली ते सापडत नाही, आणि फेब्रुवारीची रात्र अजून ताजी आहे. म्हटलं, "आमचं ते काम नाही. पलीकडच्या गल्लीतले तात्या करतात, चांगलं करतात. नंबर पाठवते."

"तुमचं नि त्यांचं..." ते थांबले. उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. तात्या आबांच्या हाताखाली शिकले, वेगळे झाले, जाताना दोन गिऱ्हाइकं घेऊन गेले. आमच्या घरी त्यांचं नाव निघालं की आई भांडी आपटते.

"तुम्हाला पॅटर्न पाहिजे ना?" मी म्हटलं.

मिस्त्री ऐकत होते. "ताई, आपल्या ताटातली भाकरी उचलून शत्रूला वाढाय लागलासा की!" मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी तात्यांचा मुलगा आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाबांनी विचारलंय, दर काय सांगू?" म्हटलं, खरा तो सांगा.

३१ मार्च, सोमवार

पैशाचा दिवस. ४५ दिवसांच्या नियमामुळे मोठे लोक सूक्ष्म नि लघु उद्योगांची बिलं वर्षअखेर धावतपळत भागवतात. मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना करात खर्च दाखवता येत नाही. दोन जुनी बिलं आली. ज्यांच्याकडून आली त्यांनी फोन उचलणं मात्र बंद केलंय.

हळदीकुंकवाच्या हिशेबनीस बाईंचा निरोप: "तुमची पट्टी माझ्या टेबलावर असते. रेघा मारायला." सोबत एका फाउंड्रीच्या मालकांचा नंबर.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहा चाळीस. चहा गॅसवर. फोन वाजला, शिरोलीचे मॅनेजर. इतक्या सकाळी म्हणजे काहीतरी चुकलंय. डोळ्यांसमोरून व्हॉल्व्हची बॉडी, पट्ट्या, सगळं एका क्षणात गेलं.

"ताई, उठलासा काय? झोपमोड तर नाही केली?"

"नाही, बोला ना."

"नाही, ते... तुमच्या आईंचा गुडघा बदललाय नव्हं? त्या दिवशी बघितलं वॉकर. डॉक्टर कसा हाय ओ? आमच्या आईला सांगितलंय करायला, ती ऐकंना. भ्यालीया."

मी डॉक्टरांचं सांगितलं. मग बोलता बोलता सगळंच सांगितलं. पहिले पंधरा दिवस आई कशी चिडचिडायची, जिने किती दिवसांनी चढली, संडासाची बैठक उंच करून घ्या, आधीच करा, नंतर धावपळ होते. व्यायाम करून घ्यायला बाई येते तिला आई घाबरते, आम्हाला नाही. ते मध्येच म्हणाले, "थांबा, लिवून घेतो." मग आईलाच फोन दिला आणि ती दहा मिनिटं त्यांच्या आईशी बोलली. बोलली कसली, धीर देत होती, आणि मला हाताने खुणावत होती की चहा उतू गेलाय.

मिस्त्री नऊला आले. "कुणाचा फोन होता म्हणं सकाळी? शिरोलीचा?"

"हो."

"काम आलं?"

"विचारलंच नाही मी."

त्यांनी कपाळाला हात लावला. मी शिडी घेतली आणि माळ्यावरून वॉकर खाली काढला. आई आता काठीवर चालते, त्याला धूळ बसली होती. एका पायाचं रबर गेलंय, ते बाजारात मिळेल का बघते. नाहीतर सायकलवाल्याकडे. टेम्पोवाला दुपारी शिरोलीला जाणार आहे, त्याला दोनपर्यंत थांब म्हटलंय.